अकरा एकांचा आकडा

एकापुढे एक असे अकरा एक मांडले, की अकराशे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा होतात. हा आकडा आमच्या घरात धाकट्या भावंडासारखा वाढला. मी एकुलती एक, त्यामुळे माझ्या वाट्याचं कौतुक त्यानं पळवलं असंही म्हणता येईल.

माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. मी त्यांना आप्पा म्हणायची. पाथर्डीच्या पुढं, जिथं दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं, तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत ते आणि आणखी एक गुरुजी. एका उन्हाळ्यात नगरला शिक्षकांचं शिबिर झालं, तिथून आप्पा हा आकडा घेऊन आले. कुणीतरी तो फळ्यावर लिहून विचारलं होतं, की ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसरं कुणी पूर्ण भाग देतं का? उत्तर यायच्या आधी जेवणाची घंटा झाली, आणि विचारणारे गृहस्थ जेवून जे गेले ते परत आलेच नाहीत. बाकीचे शिक्षकही जेवले आणि विसरले. विसरणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं, तो त्यांचा गुण की खोड ते मी अजून ठरवलेलं नाही.

दोन एक मांडले तर अकरा, त्याला कुणी भाग देत नाही. तीन मांडले तर सदतीस त्रिक एकशे अकरा. पाच एक फुटतात एकेचाळीसनं आणि दोनशे एकाहत्तरनं, सात एक फुटतात दोनशे एकोणचाळीसनं. आप्पा हे सगळं पाटीवर मांडून बसले आणि त्यांना एक गंमत दिसली. एकेचाळीसला दहानं भागलं तर एक उरतो, दोनशे एकाहत्तरलाही एकच. दहा म्हणजे पाचाची दुप्पट. दोनशे एकोणचाळीसला चौदानं भागलं तरी एकच उरतो, आणि चौदा म्हणजे साताची दुप्पट. यावरून त्यांनी ठरवून टाकलं, की अकरा एकांना फोडणारा कुणी असलाच, तर त्याला बावीसनं भागून एकच उरला पाहिजे. हे त्यांनी सिद्ध वगैरे केलं नव्हतं. पुढं कॉलेजात मला कळलं की ते अगदी बरोबर होतं.

मग तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद असं बावीस-बावीसनं चढत जायचं. तीन, पाच, सात असल्यांनी जे आधीच तुटतात ते गाळायचे. एक लाख पाच हजार चारशे नऊच्या पुढं जायचं कारण नाही, कारण तिथं वर्गमूळ येतं. तोवर कुणी भेटला नाही तर पुढंही भेटत नाही. काम सोपं होतं, फक्त संपणारं नव्हतं.

दिवेलागण झाली की आप्पा पाटी घेऊन चुलीसमोर बसत. कागद असल्या कामाला उधळायचा नाही, हा घरचा नियम होता. आई भाकरी थापत असे, नाहीतर शेंगा फोडत. आप्पा भागाकार करत आणि शेवटी उत्तर आणि बाकी मोठ्यानं सांगत. आईनं नवाचा ताळा पाहायचा. आकड्यातले अंक मिळवत मिळवत एका अंकावर आणायचे, भाजकाचा अंक उत्तराच्या अंकानं गुणायचा, त्यात बाकीचा अंक मिळवायचा. अकरा एकांची बेरीज अकरा, एक न् एक दोन. म्हणजे भागाकार बरोबर असेल तर दर वेळी दोनच आले पाहिजेत. आई तोंडातल्या तोंडात हिशेब करी आणि म्हणे, "आले दोन." दोन आले की आप्पा पाटी पुसून टाकत आणि दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेला भाजक पुसून तिथं पुढचा लिहीत. एवढीच त्या कामाची खूण शिल्लक राही.

आमच्याकडं त्या काळी संध्याकाळी बायकोशी बोलत बसणारा माणूस म्हणजे थट्टेचा विषय. पुरुषानं पारावर जायचं, देवळात जायचं, काही नाही तर नुसतं रस्त्यावर उभं राहायचं. शेजारच्या काकू आईला विचारत, "का गं, गुरुजींनी तुझं नाव शाळंत घातलंय व्हय?" आई म्हणे, "घातलंय ना. पहिलीतनं वर काढत न्हाईत पण." ती हसायची तेव्हा डाव्या हाताच्या मनगटानं नाक झाकायची, कारण बोटांना पीठ असे.

माघात आईला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि मग काहीच करायचं उरलं नाही. ती गेली तेव्हा माझी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. मी परीक्षा दिली, पासही झाले. कशी दिली ते आठवत नाही. लोक म्हणत, पोर धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं. हात झोपून गेल्यावर चिमटा काढला तर दुसऱ्याच्या हाताला काढल्यासारखा लागतो, तसं सगळं लागत होतं.

आप्पा रडले नाहीत. दहावा-तेरावा नीट केला, पाहुण्यांना वाटेला लावून दिलं, आणि बाजेवर जाऊन पडले. आधी रजा आणि मग उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तरी ते उठले नाहीत. मी ताट ठेवलं तर जेवत, पाणी दिलं तर अंघोळ करत. दुसरे गुरुजी चांगले, दोन्ही वर्ग एकत्र बसवून सांभाळून घेत. त्या वर्षी पाऊस झालाच नाही, आणि मोठी पोरंही आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, तशी शाळा अर्धी ओस पडली. त्यामुळे गावानं एक गुरुजी कमी असल्याची फार तक्रार केली नाही. आम्ही रेशनची तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खात होतो. तिची भाकरी तुटायची आणि चव लागायची नाही, पण चव मला तशीही कशाची लागत नव्हती.

गौरी-गणपतीच्या सुमारास राहात्याहून मामा आला. कालव्याच्या पाण्यावरचा माणूस, आमच्याकडं आला की आधी गावच्या विहिरीत डोकावून बघायचा आणि मान हलवायचा. त्यानं आप्पांना बाजेवर पडलेलं पाहिलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, "दाजी दिवाळीपतुर कामावर गेले न्हाई तर नोकरी जाईल. मी तालुक्याला इचारून आलोय. नोकरी गेली की ही शाळंची खोलीबी गेली. मग तुझं काय? त्यापरीस मी तुला राहात्याला नेतो, औंदाच उरकून टाकू."

उरकून टाकायचं होतं ते माझं लग्न. राहातं काय नि हे गाव काय, मला सारखंच वाटत होतं. पण मामानं आत जाऊन आप्पांना तेच सांगितलं, तेव्हा आप्पा बऱ्याच दिवसांनी बोलले. म्हणाले, "आकडा संपू दे. मग जातो शाळंत."

मामाला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. मला मात्र राग आला. सगळं बधिर झालेलं असताना राग तेवढा कुठून आला कोण जाणे, पण आला. दाराच्या मागं खडूनं लिहिलेला भाजक माघापासून तसाच होता, सत्त्याहत्तर हजार आणि काहीतरी. बाजेवर पडल्या पडल्या आकडा संपणार कसा? मामाची एसटी गेल्यावर मी पाटी धुतली, त्यांच्या पुढ्यात आदळली आणि चुलीसमोर आईच्या जागी बसले. म्हटलं, "करा भागाकार. ताळा मी बघते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पाटी घेतली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही ते केलं. आईच्या जागी बसताना पोरीला काहीतरी व्हायला हवं, गळा दाटून यायला हवा. मला तसलं काही झालं नाही. अंक मिळवायचे, गुणायचे, दोन आले की सांगायचं. चुकून तीन किंवा आठ आले तर आप्पा निमूटपणे पुन्हा करत. आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो. दिवसभर टेकाडापलीकडून पाझर तलावाच्या कामावरचे घणाचे आवाज येत, ते थांबले की आमचं काम सुरू होई. ऐंशी हजार झाले, नव्वद झाले. मामाला मी पोस्टकार्ड टाकलं, की दिवाळीपर्यंत येऊ नको. दिवाळी झाली तरी तो आला नाही, आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांना दुसऱ्या गुरुजींनी पुन्हा एकदा वेळ मारून नेऊन परत धाडलं.

थंडी पडली तेव्हा आम्ही एक लाख पाच हजार चारशे तीनला पोचलो. त्याच्या पुढचा बावीसनं चढून येणारा आकडा वर्गमुळाच्या पलीकडं पडत होता, म्हणजे हा शेवटचा. आप्पांनी भागलं. बाकी उरली. ताळा पाहिला, दोन आले.

"म्हंजे मूळ हाय," आप्पा म्हणाले.

"व्हय."

"कुनीच भाग देत न्हाई त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली. धोतर मी धुऊन ठेवलेलं होतंच. टोपी घातली आणि शाळेत निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "इतके भाजक लावले, एकानंबी तुटला न्हाई तो. मानसानं एकाच भाजकानं तुटावं व्हय?" आणि गेले. मी दारात उभी होते. बरं वाटायला हवं होतं, इतकंच मनात आलं.

ते खरंच उठले. दुष्काळी कामावर जाऊन पोरांना शाळेत आणू लागले, दुपारची सुकडी, म्हणजे सरकारी गोड पीठ, शाळेत वाटायची व्यवस्था केली. वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कडेला त्यांनी तो आकडा लिहून ठेवला आणि कुणी पुसायचा नाही असं सांगितलं. पोरांना ते म्हणत, ह्याच्यासारखं व्हा. पोरांना काय कळायचं ते कळो. मामानं माझ्या लग्नाचं पुन्हा काढलं तेव्हा त्यांनी त्याला सरळ सांगितलं, की पोर नगरला कॉलेजात जाईल. पुढच्या जूनमध्ये मी गेले, वसतिगृहात राहिले आणि गणित घेतलं, कारण दुसरं काही घ्यावंसं वाटत नव्हतं.

तिथल्या प्राध्यापकांना मी एकदा तास संपल्यावर अकरा एकांबद्दल विचारलं. विचारलं असं म्हणायचं, खरं तर सांगायलाच गेले होते. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "नाही, ती फुटते. फार पूर्वीच कुणीतरी फोडलेली आहे." त्यांनी एका जाड पुस्तकातून पाहून दोन आकडे सांगितले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आणि पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. मी खोलीवर येऊन गुणाकार केला. अकरा एक आले, रांगेत, एकही कमी-जास्त नाही.

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. आप्पांनी हा भाजक लावला होता. बावीसनं भागलं तर त्याचाही एकच उरतो, तो त्यांच्याकडून सुटणं शक्यच नव्हतं. लावला होता आणि काहीतरी बाकी काढून पुढं गेले होते.

मी ठरवलं, सांगायचं नाही. ज्या आकड्याला धरून माणूस बाजेवरून उठला, तो त्याच्या हातून काढून घ्यायचा नाही, एवढी अक्कल मला होती. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आप्पा खुशीत. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, गावात दारोदारी बाजरी येऊन पडली होती. म्हणाले, सुट्टीनंतर तालुक्याला सगळ्या शिक्षकांची सभा आहे, तिथं मी फळ्यावर मांडून दाखवणार आहे, साहेबांनी परवानगी दिली आहे. त्या सभेत एकाला जरी खरं माहीत असलं तरी आप्पा शंभर माणसांपुढं उभे राहून हसं करून घेणार. मग ते पुन्हा बाजेवर पडतील, आणि या वेळी त्यांना उठवायला कसलाच आकडा नसेल.

पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "आप्पा, पाटी घ्या. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागा."

"झालंय ते."

"पुन्हा भागा."

त्यांनी भागलं. मी शेजारी बसून बघत होते. पाच, एक, तीन. बाकी पाच हजार एकशे चौऱ्याहत्तर. एक खाली घेतला. दोन, मग तीन. शेवटी उरले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एकेचाळीस, आणि भाजकाची नऊपट मांडली तर तीही नेमकी तेवढीच. खाली शून्य आलं. आप्पांनी ते शून्य लिहिलं आणि खडू बाजूला ठेवला.

मग त्यांनी जे विचारलं त्याची मी वाट बघत होते आणि मला त्याचीच भीती होती. "ती चुकली व्हय?"

"न्हाई आप्पा. आईचा ताळा बरोबर आला आसंल. कुठंतरी दोन अंक उलटेपालटे पडले आसतील. अंक तेच, म्हंजी बेरीज तीच. ताळ्याला ते दिसतच न्हाई."

ते शाळेतल्या पोरांना याच्यावरूनच ओरडत. आपण चौऱ्याहत्तर म्हणतो तेव्हा चार आधी म्हणतो आणि लिहिताना सात आधी लिहितो. पोरं बोलत बोलत लिहितात आणि सत्तेचाळीस करून ठेवतात. आप्पांनी पाटी पुसली. चौऱ्याहत्तरच्या जागी सत्तेचाळीस लिहिले आणि तिथून पुढं भागाकार केला. शेवटी बाकी उरली सोळा हजार दोनशे अठ्ठ्याण्णव. मी ताळा पाहिला. दोन आले. तिथंच चुकलं होतं की दुसरीकडं, ते कळायला मार्ग नव्हता, पण असं काहीतरी झालं होतं हे दोघांनाही कळलं.

मी म्हटलं, "सभेत जाऊ नका." ते त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "एकवीस हजारावर आपुन कवा हुतो?"

मला आठवत होतं. वीस हजार ओलांडले म्हणून आईनं शिरा केला होता, आणि तो मी शाळेच्या डब्यात नेला होता. तेव्हा मी नववीत होते. मी तसं सांगितलं.

आप्पा मनात हिशेब करत होते. ओठ हलत होते. मग म्हणाले, "तवाच सापडला आसता तर पाटी तिथंच मिटली आसती. दुसऱ्या दिवशी मी पारावर जाऊन बसलो आसतो, समद्यांसारखा." पाटी मांडीवर घेऊन म्हणाले, "त्याच्यापुढं दोन वर्सं ती हुती. दोन वर्सं रोज सांजच्याला मी तिच्यापुढं बसलो. बरं झालं चुकलो."

आणि ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, पाटी मांडीवर तशीच ठेवून, मोठ्यानं, लहान पोरासारखे. शेजारच्या काकू दारापर्यंत आल्या आणि मागं फिरल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं नाही.